रीमास्टर घेतला, पण बेस कुठाय?

प्रश्न : कॉलेजात असताना मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम कॅसेटवर अक्षरशः झिजेपर्यंत ऐकलाय. आता २०१८चा रीमास्टर चांगल्या हेडफोनवर लावला तर आवाज मोठा वाटतो, ड्रम्स अंगावर येतात, पण बेस गिटार अजूनही गायबच. माझे कान गेले की हेडफोन फसवे निघाले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कान ठणठणीत आहेत तुमचे आणि हेडफोनलाही शिव्या देऊ नका, बेस तिथे १९८८ मध्येच नव्हता तर २०१८ मध्ये येणार कुठून! रीमास्टर म्हणजे आधीच तयार असलेल्या स्टिरिओ मिक्सवर (सगळी वाद्यं आणि गाणं एकत्र जुळवलेल्या रेकॉर्डिंगवर) काम, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी थोडी वर थोडी खाली, एकूण आवाज किती ठेवायचा वगैरे. शिजलेल्या आमटीतून चिंच वेगळी काढता येत नाही तसं आहे ते. खालचा भाग उचलला तर बेससोबत किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि गायक-गिटारिस्ट हेटफिल्डची गिटारही वर येते, आणि या अल्बममध्ये बेसिस्ट न्यूस्टेड बराचसा गिटारच्या रिफलाच (परत परत येणाऱ्या सुरावटीलाच) चिकटून वाजवतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

बाकी दोष मिक्सचा. स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बारबिएरो यांनी मिक्स केलं आणि थॉम्पसनने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय की ड्रमर लार्स उलरिकने बेस आधी जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला लावला आणि मग म्हणाला अजून कमी कर. प्रोड्युसर फ्लेमिंग रासमुसेन तर म्हणतो की रेकॉर्ड केलेला बेस जबरदस्त होता. आधीचा बेसिस्ट क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराची, म्हणजे न्यूस्टेडची, जिरवली असं लोक म्हणतात, मला ते अर्धंच पटतं, कारण टूर करून करून कान थकलेले आणि ड्रम्स-गिटारला कोरडा कडक आवाज हवा हा हट्टही त्यात होताच.

तुम्हाला हवंय ते रीमिक्स, म्हणजे मूळ मल्टीट्रॅक टेप (जिच्यावर प्रत्येक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं असतं) काढून सगळं नव्याने जुळवायचं. मेगाडेथ या बँडने २००४ मध्ये आपल्या 'रस्ट इन पीस' अल्बमचं ते केलं, काही ठिकाणी त्यांचा गायक मस्टेनने नव्याने गायलेलं आत गेलं आणि जुने फॅन अजून कुरकुरतात. गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' अल्बमच्या २००२च्या आवृत्तीत तर मूळ बेस आणि ड्रम्सच काढून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले होते, २०११ मध्ये मुकाट्याने जुने परत आणावे लागले! त्यामुळे मेटॅलिकाने हात लावला नाही ते मला तरी बरंच वाटतं.

एक करून बघा. जुनी सीडी आणि रीमास्टर एकामागून एक लावा, पण आधी दोन्हीचा आवाज सारखा करून घ्या, कारण जे मोठं वाजतं ते आपल्याला चांगलंच वाटतं, निम्मी जादू तिथेच असते. मग याच अल्बममधल्या 'वन' गाण्याचा शेवटचा डबल बास ड्रमचा भाग ऐका, फरक असेल तर तिथे कळेल. जुनी सीडी धड असेल तर रीमास्टरसाठी पैसे घालू नका, स्ट्रीमिंगवर ऐका. २०१८च्या डिलक्स बॉक्समध्ये डेमो आणि रफ मिक्स (कच्ची रेकॉर्डिंग्ज) आहेत, बेसच्या शोधात असाल तर आधी ते ऐका. आणि यूट्यूबवर हौशी मंडळींनी बेस वाढवून टाकलेल्या आवृत्त्या ढिगाने आहेत, एखाद्या रविवारी मजा म्हणून चालतील.