प्रोबेशनचा अहवाल चांगला आला म्हणजे भाचा सुटला का?

ताई, भाच्याला मोटारसायकल चोरीत कोर्टाने दोषी धरलंय, शिक्षा ऐकायची बाकी आहे, आणि घरी आलेले प्रोबेशन ऑफिसर (दोषीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडावं का, याचा अहवाल कोर्टाला देणारे अधिकारी) "चांगलं लिहितो" म्हणाले. म्हणजे आता काळजी नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापूर जिल्ह्यात प्रोबेशन ऑफिसरचंच काम करून निवृत्त झालो, म्हणून सविस्तर लिहितो.

निकाल ऑफिसरच्या हातात नसतो. तो कसबा बावड्याला बसलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांचाच. पण भाचा वीस वर्षांचा आहे, आणि १९५८ च्या परिविक्षा, म्हणजे प्रोबेशनच्या, कायद्याचं कलम ६ एकवीस वर्षांखालच्यांसाठीच आहे. जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यात कोर्टाला आधी ऑफिसरचा अहवाल मागवावाच लागतो, आणि तरीही तुरुंगातच पाठवायचं असेल तर कारणं लिहावी लागतात. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत, खालचं, म्हणजे खटला चालवणारं, कोर्ट शिक्षेचा विचार करतं त्या दिवशीचं धरतात. रामजी मिसर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणून जन्माचा दाखला वकिलांकडून लगेच दाखल करा.

आता मुख्य गोष्ट. ऑफिसर कोर्टाचा नोकर नाही. आपल्याकडे तो महिला व बालविकास विभागाचा माणूस, आणि कलम १३ प्रमाणे त्याच्यावर नियंत्रण जिल्हादंडाधिकाऱ्यांचं, म्हणजे कलेक्टरांचं. न्यायाधीशांनी मागवायचं आणि दुसऱ्या खात्याच्या माणसाने लिहायचं, अशी ही व्यवस्था. त्यामुळे सगळा भार विश्वासावर. न्यायाधीशसाहेबांना एखाद्या ऑफिसरचे अहवाल पोकळ वाटू लागले की पुढचे अहवाल फाईलला लागतात, पण वाचले जात नाहीत. "मुलगा सुस्वभावी, कुटुंब गरीब" एवढ्यावर कुठलाही न्यायाधीश धोका का पत्करेल? जे साहेब अहवाल वाचून प्रश्न विचारायचे, त्यांच्यासाठी आम्ही जीव तोडून चौकशी करायचो: गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मालकाला भेटायचं, शेजाऱ्यांना, शाळेच्या मास्तरांना, पोलीस ठाण्यात विचारायचं.

म्हणून तुम्ही ऑफिसरपासून काही लपवू नका. दारू, कर्ज, वाईट संगत, जे असेल ते सांगा. लपवलेलं दुसरीकडून कळलं की अख्ख्या अहवालाचं वजन जातं. अडचण मांडून सोबत उपाय दिसला, म्हणजे नोकरी देणारा मालक किंवा जबाबदारी घेणारा मामा, तर साहेबांना निर्णय घेणं सोपं जातं. अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा सारांश कोर्ट आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा देण्याची संधीही देऊ शकतं. वकिलांना तशी विनंती करायला सांगा.

सुटका झालीच तर ती चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, होईल, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या. देखरेखीचा आदेश झाला तर ती किमान एक वर्ष. त्या काळात ऑफिसरच्या अर्जावरून कोर्ट अटी बदलू शकतं, आणि वागणूक चांगली असल्याचा अहवाल गेला तर बंधपत्रातून मोकळंही करू शकतं. अट मोडली तर मात्र मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाऊ शकते, त्यामुळे भेटीच्या तारखा त्याने चुकवायच्या नाहीत.

आणि नोकरीची धास्ती तुम्हाला असणारच. दोषसिद्धी पुसली जात नाही, पण कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता त्याला लागत नाही. निकालपत्रात या कलमाचा उल्लेख करावा, अशी विनंती वकिलांनी शिक्षेच्या युक्तिवादातच करावी.