शेवटचा शब्द तिच्यासाठी ठेव

प्रश्न : बाई, माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. २५-३० शब्द बोलते, पण दोन शब्द जोडत नाही. सासूबाई म्हणतात, बडबडगीतं म्हणत जा. माझा गळा अगदीच बेसूर, म्हणून मी मोबाइलवर लावून देते. तासन्‌तास शांत बसून बघते. एवढं पुरेल का?
– एक आई, भांडुप

उत्तर : लेकीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते.

आधी एक काम. या वयाची मुलं बहुतेक 'पाणी दे', 'बाबा आला' असं जोडून बोलायला लागलेली असतात. ती बोलत नाही, तर कान तपासून घे. हाकेला वळते म्हणजे सगळं नीट ऐकू येतं, असं धरून चालू नकोस. बालरोगतज्ज्ञांना दाखव. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे ऐकण्या-बोलण्याचीच तपासणी होते. बडबडगीत हे काही औषध नव्हे.

आता गाण्याचं. लालबागच्या बालवाडीत मी ३१ वर्षं काढली. सुरुवातीला मीही तुझ्यासारखीच. गळा नाही, म्हणून टेपरेकॉर्डर लावायचे. मुलं गप्प बसायची आणि मला वाटायचं, काय वर्ग सांभाळते मी! एक दिवस 'आपडी थापडी, गुळाची...' इथेच टेप गुंतली. ती गुंडाळायला मी पेन्सिल शोधतेय, तोवर मागून आवाज आला, 'पापडी!' जूनपासून वर्गात तोंड न उघडलेला मुलगा होता तो.

मोबाइल कुणासाठी थांबत नाही, ही त्याची खोट. तू थांबू शकतेस. 'गुळाची' म्हण आणि तिच्याकडे बघत मनात पाच आकडे मोज. तीच ओळ रोज ऐकून पुढचा शब्द तिच्या जिभेवर येऊ लागतो, त्यात यमकाची मदत. नुसता 'पा' निघाला तरी चालेल. 'नीट म्हण' नको, तूच शब्द पुरा करून पुढे जा. थापडी आणि पापडी यांत फक्त सुरुवातीचा आवाज बदलतो. तो फरक कानाला कळू लागला की पुढे वाचायला शिकताना उपयोगी पडतो. तळवे जमिनीवर आपटायला विसरू नकोस. खालच्या मजल्यावर मात्र आधी सांगून ठेव.

आणि बेसूर म्हणशील, तर तक्रार करणारं माणूस घरात असलंच तरी ते सव्वादोन वर्षांचं नसणार.

मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय : दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी फार तर १ तास, त्याहून कमी तर उत्तम. तासन्‌तास नाही गं.

वेळ कुठून काढू, असं पुढच्या पत्रात विचारशील. लोकलने मुलुंडला जाताना नाहूर सुटलं की तिला मांडीवर घे, 'पुढील स्टेशन...' म्हण आणि तोंड मिटून बस. 'मु' आला की उतरायची तयारी.