वाचकांचे प्रश्न : ज्वारीचे पान वयाने वाळते की पाण्यावाचून?

प्रश्न : मंगळवेढा परिसरात आमची कोरडवाहू रब्बी ज्वारी आहे. पीक फुलोऱ्यात येताच खालची पाने भराभर वाळू लागली. कोणी म्हणतात, पान पिकणारच. कोणी युरिया फवारायला सांगतात. पान वयाने गेले की पाण्यावाचून, हे कसे ओळखावे? अर्धवट पिवळी पाने दाण्यासाठी काही अन्न तयार करतात का?

उत्तर : फुलोऱ्यानंतर ही दोन्ही कारणे बहुधा एकत्रच काम करतात, म्हणून आधी नुसत्या वयाने काय होते ते पाहू. पानातील बहुतांश नत्र हरितलवकांमधल्या (पेशींतील अन्न तयार करणाऱ्या हिरव्या कणांमधल्या) प्रथिनांत गुंतलेले असते. पान जुने झाले की झाड ही प्रथिने विघटित करून त्यांतले नत्र वरच्या पानांकडे आणि कणसाकडे नेते, हरितद्रव्यही मोडते आणि पान पिवळे पडते. हे काम सावकाश, खालून वर एकेक पान घेत चालते; ते रोग नव्हे, की उपासमारही नव्हे.

जमिनीतील ओल संपू लागली की या क्रमात घाई होते. मुळांना कोरड जाणवते तसे ॲब्सिसिक आम्ल हे ताणाचा इशारा देणारे संप्रेरक वाढते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, मिटू लागतात. बाष्प वाचते, पण कार्बन डायऑक्साइडची आतली वाटही त्याच रंध्रांतून असल्यामुळे प्रकाशसंश्लेषण मंदावते. ज्वारी सी-४ पद्धतीची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पानात एकवटून वापरणारी, असल्याने अर्धवट मिटलेल्या रंध्रांतूनही ती बरेच काम उरकते, आणि म्हणूनच बाजरीप्रमाणे तीही कोरडवाहूत टिकते. मात्र ऊन थांबत नाही. पान प्रकाश शोषतच राहते आणि त्या ऊर्जेला कामात लागायला वाव उरला नाही की ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होऊन हरितलवकांतील प्रथिने व पातळ पडदे यांना इजा करतात. तरुण पान ही ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकते आणि मोडलेली प्रथिने पुन्हा घडवते. जुन्या पानाकडे ही दुरुस्तीची ताकद कमी उरलेली असते. त्यातच मुळांकडून येणारे, पान हिरवे ठेवणारे सायटोकायनिन हे संप्रेरक कमी होते आणि झाड त्या पानातले नत्र काढून घेण्याची घाई करते. म्हणून तोच ताण वरच्या पानाला तात्पुरता थांबवतो, खालच्याला कायमचा संपवतो.

पाहण्याची रीत सोपी आहे. दुपारी गुंडाळलेले पान दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळे होत असेल, तर रंध्रे फक्त मिटली होती. पाणी मिळताच ते पान कामाला लागते. शेंडा व कडा कागदासारख्या कोरड्या झाल्या असतील आणि दोन-चार पाने एकदमच वर सरकत वाळत असतील, तर तो पाण्याचा ताण समजावा. शेंड्यापासून मधल्या शिरेवरून आत सरकणारा इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा पट्टा नत्राची कमतरता सुचवतो. पण वरचा थर कोरडा असला की जमिनीत नत्र असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणजे ही खूणही पुष्कळदा पाण्याकडेच बोट दाखवते. सुकलेल्या पानांवर भर उन्हात युरिया फवारला तर पाने करपण्याची भीती असते, आणि पूर्ण पिवळे पान फवारणीने काय, पाण्यानेही पुन्हा हिरवे होत नाही.

अर्धवट पिवळे पान थोडेसे अन्न करते, पण दाणा मुख्यतः वरच्या तीन-चार पानांच्या जिवावर भरतो. त्यामुळे एकच संरक्षित पाणी हाताशी असेल, तर खालची पाने वाळण्याची वाट न पाहता ते पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात असताना) किंवा फुलोऱ्यात द्यावे. तेवढेही नसेल तर तिसरी कोळपणी (ओळींमधली माती वरवर हलवणे) दातेरी कोळप्याने करून जमिनीच्या भेगा बुजवाव्यात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण काळ्या जमिनीत अक्षरशः खरी ठरते. दाट पेरा झाला असेल तर सुरुवातीलाच विरळणी करावी, कारण दाट पीक फुलोऱ्याआधीच साठलेली ओल पिऊन टाकते.

पाने उशिरापर्यंत हिरवी ठेवणाऱ्या ज्वारीच्या वाणांचे मर्म बरेचसे इथेच आहे. त्यांच्यावरील संशोधनात इथिओपियाच्या ज्वारीपासून आलेला बी-३५ हा वाण प्रसिद्ध आहे. असे झाड जास्त पाणी पीत नाही; कमी फुटवे व लहान पर्णसंभार ठेवून आधी कमी खर्च करते आणि वाचलेली ओल दाणे भरताना वापरते. अर्थात नुसता हिरवा रंग हा कामाचा पुरावा नव्हे. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या प्रयोगांतील हिरव्या वाटाण्याचा रंगसुद्धा, 2007 मध्ये उलगडल्याप्रमाणे, हरितद्रव्य मोडण्याची क्रिया बिघडल्यामुळे टिकतो. तशी पाने हिरवी दिसूनही अन्न करणे थांबवू शकतात.

शेवटचे एक. ताणातल्या ज्वारीचे बुंधे दाबून पाहावेत. पाने अन्न पुरवेनाशी झाली की कणीस धाटातील साखर ओढते, आणि अशा अशक्त धाटावर खडखड्या या धाट पोखरणाऱ्या रोगाची बुरशी चढते. बुंधा पोकळ लागून धाट लोळू लागले असेल, तर दाणा पक्व होताच काढणी लांबवू नये. कडबाही तितकाच कमी खराब होईल.