एसीचा सेन्सर आधी मोजा, मग बोर्ड बदला

प्रश्न : दीड टनाचा इन्व्हर्टर एसी चालू केल्यावर दोन मिनिटांत बंद पडतो आणि दिवा लुकलुकतो. पुस्तिकेप्रमाणे तो कोड 'रूम सेन्सर'चा आहे. मेकॅनिकने सेन्सर मोजला, रीडिंग साडेसहा आलं. 'दहा यायला हवं होतं, सेन्सर गेला, त्यानं बोर्डही खराब केला असेल' असं म्हणून त्याने बोर्डाचा भाव सांगितला. काय करावं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : बोर्ड, म्हणजे एसी चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, राहू द्या. तुमचा सेन्सर बहुधा ठणठणीत आहे.

घरगुती एसीतला सेन्सर म्हणजे दोन तारांचा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होतो, उतरलं की वाढतो. त्याच्यावर '१० के' (दहा किलोओहम) लिहिलेलं असतं ते २५ अंश सेल्सिअसला. मे महिन्यात अमळनेरच्या बंद खोलीत २५ अंश कुठून येणार? ३५ अंशांना हाच सेन्सर साधारण ६.५ किलोओहम दाखवतो, ४० अंशांना ५.३. म्हणजे साडेसहा हे बिघाडाचं नाही, तुमच्या खोलीचं रीडिंग आहे. शिवाय सगळे सेन्सर १० केचे नसतात. ५, १५ आणि २० केचेही असतात, आणि काही एसींत रूम सेन्सर एका मूल्याचा तर कॉइलचा (आतल्या हवा गार करणाऱ्या नळ्यांचा) सेन्सर दुसऱ्या.

नीट मोजायचं ते असं. रिमोटने नव्हे, एमसीबी पाडून एसी बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. पुढचं पॅनल व जाळी काढा, तारांचा मोबाइलवर फोटो घ्या. सेन्सरचा कनेक्टर प्लास्टिकला धरून ओढा. तारेला हिसका दिला की पिनेतून तार सुटते आणि मग खरोखरचा बिघाड होतो. मल्टिमीटर २०० के रेंजवर ठेवून दोन पिनांमध्ये मोजा. सर्किट तुटल्याची खूण (पडद्यावर 'OL' किंवा डावीकडे नुसता '१') आली तर तार किंवा सेन्सर तुटलेला. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. मधलं काही आलं तर पेल्यात निम्मा बर्फाचा चुरा आणि निम्मं पाणी घेऊन सेन्सरचं डोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाच मिनिटं त्यात धरा. १० केचा सेन्सर २८ ते ३४ केपर्यंत चढायला हवा. मग बाहेर काढून मुठीत धरा, आकडा सावकाश उतरला पाहिजे. उतरताना तो मध्येच उडी मारत असेल किंवा तार हलवली की बदलत असेल, तर आत तडा आहे. असा सेन्सर थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर चूक सांगतो, म्हणून तो एका मोजणीत सापडत नाही.

सगळं बरोबर आलं तर कनेक्टर पाहा. उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये पाण्याचा मारा तिथवर जातो आणि पिनांवर हिरवट थर चढतो. मुंग्यांचं वारूळही बोर्डावर नवं नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, दोन-तीनदा लावून काढा. एवढं करूनही तोच कोड आला, तरच बोर्डाकडे बोट दाखवायचं.

प्रश्न : एसी २४ वर लावला तरी खोली ३० च्या खाली येत नाही, कॉम्प्रेसर आधीच थांबतो. गॅस भरून झाला. – एक वाचक, भुसावळ

उत्तर : कॉम्प्रेसर थांबतोय म्हणजे बोर्डाला खोली थंड झाल्याचं कळतंय. ते कोण सांगतंय, एवढंच शोधायचं. गॅस कमी असता तर उलट कॉम्प्रेसर चालतच राहिला असता.

रूम सेन्सर कॉइलच्या पुढे, परतीच्या हवेत एका छोट्या प्लास्टिकच्या चिमट्यात अडकवलेला असतो. सर्व्हिसिंगमध्ये चिमटा तुटतो, सेन्सर लोंबतो आणि कॉइलच्या गार पत्र्यांना टेकतो. त्याला खोली नव्हे, कॉइल कळते. तो पुन्हा चिमट्यात बसवा. चिमटा नसेल तर पत्र्यांपासून किमान बोटभर अंतरावर केबल टायने बांधा.

दुसरी शक्यता रिमोटची. बऱ्याच एसींत असं एक बटण असतं की ते दाबल्यावर रिमोट जिथे असेल तिथलं तापमान धरलं जातं. तो रिमोट एसीच्या झोताखाली ठेवला तर हेच होणार. (आणि पश्चिमेच्या खिडकीत उन्हात ठेवला तर खोली गारठली तरी एसी थांबणार नाही.) ते बटण बंद करून पाहा. तिसरी शक्यता सेन्सरचा रोधच वाढल्याची, ती वरच्या बर्फाच्या चाचणीत दिसेल.

प्रश्न : दुपारी एक ते पाच एसी कोड दाखवून बंद पडतो, रात्री छान चालतो. आउटडोअरचा सेन्सर दोनदा बदलला. – एक वाचक, शहादा

उत्तर : तिसऱ्यांदा बदलू नका. खराब सेन्सर सहसा घड्याळ पाहत नाही, आणि आत तडा असता तर दोनदा बदलल्यावर दोष गेला असता. सकाळी सातला, आउटडोअर गार असतानाही चालू करताच कोड आला असता तर सेन्सरवर संशय घेतला असता. तुमच्या इथला सेन्सर खरंच सांगतोय की आउटडोअर तापलंय.

आउटडोअरमध्ये बहुधा तीन सेन्सर असतात: बाहेरच्या हवेचा, कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांच्या जाळीचा) आणि कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम पाइपवरचा. तिसऱ्यावर साधारण ११० अंशांच्या आसपास तापमान गेलं की बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो, आणि थांबवलंच पाहिजे. नेमप्लेट वाचा. टी१ वर्गाच्या एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, टी३ ची ४६ धरून. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि पत्र्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या युनिटभोवतीची हवा त्याहून गरम असते.

कंडेन्सरच्या मागच्या बाजूला हात फिरवून बघा. धूळ आणि कपाशीचे तंतू मिळून गोधडीसारखा थर बसलेला असतो. एसी बंद करून साध्या नळीने हळू धारेने धुवा; प्रेशर पंपाने पत्रे वाकतात आणि वारा आणखी अडतो. मागे वीतभर तरी जागा हवी, पुढे मोकळं. सावली करा, पण वर आणि दूर. युनिटला गोणपाट गुंडाळणं म्हणजे त्याचा श्वास कोंडणं. दुपारी व्होल्टेजही मोजा, कमी दाबातही कॉम्प्रेसर तापतो.

प्रश्न : सेन्सर मिळेपर्यंत त्याच्या जागी १० केचा रेझिस्टर लावला तर चालेल का? – एक वाचक, रावेर

उत्तर : रूम सेन्सर १० केचाच असेल तर त्याच्या जागी, तासाभराच्या तपासणीपुरता, हो. त्यानं कोड गेला तर बोर्ड बरा, हे सिद्ध होतं. पण बोर्डाला कायम २५ अंशच दिसणार: २३ वर लावलात तर कॉम्प्रेसर थांबणार नाही, २७ वर लावलात तर सुरूच होणार नाही. कॉइल सेन्सरच्या जागी मात्र लावून ठेवू नका. कॉइलवर बर्फ धरू लागला की कॉम्प्रेसर थांबवायचं काम त्याचं; तो आंधळा केला की बर्फ साचतो आणि द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये परततो. आउटडोअरच्या गरम पाइपवर तर हा प्रयोग करायचाच नाही.

प्रश्न : नवा सेन्सर घेताना काय पाहायचं? – एक वाचक, धुळे

उत्तर : २५ अंशांचं मूल्य, बी-मूल्य (तापमानाबरोबर रोध किती वेगाने बदलतो त्याचा आकडा; ३४३५, ३९५० असं असतं), कनेक्टरचा आकार आणि डोकं. हवेच्या सेन्सरचं डोकं काळ्या थेंबासारखं, पाइपच्या किंवा कॉइलच्या सेन्सरचं तांब्याच्या नळीसारखं. दोन्ही सेन्सर एकाच कनेक्टरवर आले तर कुठली जोडी कशाची हे जुन्यावरून जुळवा. तार जोडावी लागली तर टोकं एकमेकांत पिळून डाग द्या (सोल्डर करा) आणि वर हीट श्रिंक (ऊब दिली की आवळणारी) नळी चढवा, नुसती चिकटपट्टी कॉइलजवळच्या ओलाव्यात सुटते. पाइपच्या सेन्सरचं डोकं त्याच्या खोबणीत पूर्ण आत आणि स्प्रिंग क्लिपसकट बसलं पाहिजे.