शोजो मांगाचा (म्हणजे मुलींसाठीच्या जपानी कॉमिक्सचा) आजच्या जपानी साहित्यावर खरंच प्रभाव आहे का, की टीकाकार हलक्या कादंबऱ्यांना उगाच ‘कॉमिकसारखी’ म्हणतात?

‘कॉमिकसारखी’ हा शेरा ऐकला की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितेय.

प्रभाव आहे, आणि खोलवर आहे. फक्त तो कथानकात शोधू नका. मोठे डोळे, शाळा, पहिलं प्रेम हे सगळं वरवरचं. कादंबरीने उचललं ते मनातलं बोलणं पानावर मांडायचं तंत्र. १९७० च्या दशकात हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको या मांगा काढणाऱ्या बायकांनी पानावरच्या चित्रांच्या चौकटी मोडून काढल्या. पात्र तोंडाने बोलतं ते संवादाच्या फुग्यात. मनात येतं ते फुग्याबाहेर, कोऱ्या जागेत, तुटक ओळींत, दोन-तीन चौकटींवर पसरलेलं. फुग्यात ‘बरंय’ आणि शेजारी त्याच्या नेमकं उलटं, दोन्ही एकाच नजरेत दिसतं. ओशिमाच्या ‘वाता नो कुनी होशी’मध्ये (१९७८ पासून) मांजरीचं पिल्लू मांजराचे कान असलेल्या लहान मुलीसारखं काढलंय, कारण ते स्वतःला तसंच समजतं, मोठं झालो की आपण माणूस होणार. बाकीच्यांना ते मांजरच दिसतं. म्हणजे चित्रसुद्धा त्याच्या मनातलं.

आता योशिमोतो बनाना या लेखिकेची कादंबरी ‘किचन’ (१९८८) घ्या. ओशिमाचं ऋण तिने स्वतः मान्य केलंय. आजी गेल्यावर नायिका मिकागेला झोप लागते ती फक्त फ्रिजजवळ. तिला आसरा देणाऱ्या युइचीची आई एरिको पूर्वी त्याचा बाप होती. हे रक्ताचं नसलेलं घर कुठलीही सफाई न देता समोर ठेवलंय. पुढच्या भागात मिकागे रात्री टॅक्सी करून युइचीसाठी गरम कात्सुदोन (तळलेलं डुकराचं मांस घातलेला भात) नेते आणि बंद लॉजच्या छपरावर चढून त्याच्या खोलीपर्यंत पोचते. वास्तववादाच्या हिशेबाने हा अट्टाहास पटत नाही. मांगाच्या पानाच्या हिशेबाने पटतो: कृती एवढीशी, तिच्याभोवती मन पसरलेलं. एका वाक्याचे परिच्छेद, सोडलेल्या ओळी यांना ‘पातळ गद्य’ म्हणणाऱ्यांना हे वाचताच येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

साहित्य वरचं आणि कॉमिक खालचं, असं मला वर्षानुवर्षं ऐकवणाऱ्यांनी योशिया नोबुको वाचावी. ‘हाना मोनोगातारी’ या तिच्या मुलींसाठीच्या कथा १९१६ पासून मासिकात येत होत्या: टिंबं, अर्धी सोडलेली वाक्यं, उद्गार. हे वळण मुलींच्या मासिकांतून मांगात गेलं आणि तिथून परत कादंबरीत आलं. हाशिमोतो ओसामु या लेखकाने १९७७ मध्ये ‘मोमोजिरी मुसुमे’ शाळकरी मुलीच्या बोलीत लिहिली आणि दोनच वर्षांनी शोजो मांगावर समीक्षेचं पुस्तक काढलं. हिमुरो साएकोसारख्या कोबाल्ट बुन्कोच्या (तरुण मुलींसाठीच्या कादंबऱ्यांची मालिका) लेखिका हा वेगळाच मोठा विषय आहे.

अर्थात, ही फूटपट्टी सगळ्यांना लावू नका. मुराकामी हारुकीला तर नाहीच. बनानाही प्रभाव म्हणून अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगचं नाव घेते.

वाचायचंच असेल तर आधी हागिओचं ‘थॉमसचं हृदय’ (१९७४), लगेच ‘किचन’. दोन्ही इंग्रजीत मिळतात. मांगा उजवीकडून डावीकडे वाचा आणि फुग्याबाहेरची एकही ओळ सोडू नका. नुसते फुगे वाचलेत, तर थॉमसने पुलावरून उडी का मारली याचा पत्ताच लागणार नाही.