इन्फ्रारेड फिल्टर लावला, पण माड पांढरे येण्याऐवजी सगळा फोटो लाल का येतो?

तुमचा प्रश्न मला असा समजला: जुना डीएसएलआर आहे, त्यावर ७२० नॅनोमीटरचा (म्हणजे त्याहून लांब लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशच आत सोडणारा) फिल्टर लावून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर माडांचे फोटो काढले, तर सगळं लाल आणि काळोखं आलं. कॅमेरा बिघडला का, की तो उघडून आतली काच बदलून घ्यावी?

कॅमेरा ठीक आहे. लाल फोटो आला म्हणजे फिल्टर त्याचं काम करतोय. काच बदलायचं इतक्यात मनात आणू नका.

आपल्या डोळ्यांना साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. सेन्सर सिलिकॉनचा असतो, त्याला ११०० च्या आसपासपर्यंत दिसतं. रंग बिघडू नयेत म्हणून सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी एक काच बसवलेली असते. आता तुमचा फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतो आणि ही काच इन्फ्रारेड अडवते. दोन्हीतून निसटून जो थोडासा प्रकाश आत पोचतो तो मुख्यतः सेन्सरच्या लाल चॅनेलवर पडतो, म्हणून फोटो लाल येतो. तेवढ्यावरच फोटो काढायचा, म्हणून उन्हातसुद्धा शटर कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागतं. काच किती कडक आहे ते घरीच बघा: टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबून ठेवा आणि फिल्टर न लावता, अंधाऱ्या खोलीत दोन सेकंदांचा फोटो घ्या. रिमोटचा दिवा लख्ख आला तर तुमचं नशीब चांगलं. मिणमिणता आला तर वेळ जास्त द्यावा लागेल, एवढंच. निकॉनच्या डी७० मध्ये ही काच सौम्य होती, म्हणून इन्फ्रारेडवाले तो कॅमेरा अजून शोधत असतात.

फोटो काढताना आधी फिल्टरशिवाय फोकस करा, ऑटोफोकस बंद करा आणि मग रिंगला धक्का न लावता फिल्टर फिरवून बसवा. फिल्टर लागला की व्ह्यूफाइंडरमध्ये काही दिसत नाही. इन्फ्रारेडचा फोकस किंचित वेगळ्या जागी पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असायची, ती नसेल तर एफ/८ वर (लेन्सचं छिद्र लहान करून) तो फरक बराचसा झाकला जातो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ/८ आणि १५ सेकंदांपासून सुरुवात करा. कॅमेऱ्याच्या प्रकाश मीटरवर विसंबू नका, हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघा, आणि तोही लाल चॅनेलचा. डोळा लावायची खिडकी काळ्या कापडाने झाका, नाहीतर तिथून प्रकाश आत शिरतो. आणि त्या फिल्टरमधून सूर्याकडे कधीही बघू नका. काळोख वाटतो म्हणून बाहुली मोठी होते आणि इन्फ्रारेड थेट आत जातं.

लाल रंग घालवायचा तर फिल्टर लावूनच उन्हातल्या हिरव्या गवताचा एक फोटो घ्या आणि त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा, म्हणजे कॅमेरा ते गवत पांढरं धरून रंग जुळवतो. रॉमध्येच (सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधली रंग-तापमानाची पट्टी २००० केल्विनच्या खाली जात नाही, त्यामुळे तिथे फोटो लालच राहतो. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलात तर गवताचा बॅलन्स नीट लागतो. पुढे लाल आणि निळा चॅनेल अदलाबदल करून आकाश निळं करतात. मला स्वतःला आपल्याकडचे फोटो कृष्णधवलच आवडतात. निळ्या आकाशाखाली पिवळट माड बघून तो आपला गोवा वाटतच नाही.

पानं पांढरी दिसतात ती उष्णतेमुळे नव्हे. उष्णता दाखवणारे कॅमेरे वेगळे. हरितद्रव्य इन्फ्रारेड शोषत नाही आणि पानाच्या आतल्या पेशी व हवेच्या पोकळ्या ते परत उधळतात. याला वूड इफेक्ट म्हणतात, १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध करणाऱ्या रॉबर्ट वूड यांच्या नावावरून. पाणी मात्र इन्फ्रारेड शोषतं, म्हणून काळं येतं. निळं आकाशही गडद होतं, पण पावसाळी ढगाळ दिवशी काहीच हाती लागत नाही.

म्हणून मिरामारचा हट्ट सोडा. तिथे वारा असतो आणि १५ सेकंदांत माडाची झावळं नुसती पांढरी धूसर होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस ओसरून ऊन स्वच्छ पडलं की सकाळी नऊच्या सुमारास, खारा वारा सुटण्याआधी, डिचोलीजवळच्या मये तळ्यावर जा. काळं पाणी आणि भोवती पांढरे डोंगर. पाऊस नुकता गेलेला असतो तेव्हा चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्यांवरचं शेवाळही उजळून निघतं, ते मला फार आवडतं. कुळागरात (सुपारी-माडांच्या दाट बागेत) मात्र नवशिक्याने जाऊ नये. सावलीत वेळ दुप्पट-चौपट होतो आणि कवडशांचे डाग जळून जातात.

एक नुकसान मी सोसलंय, ते तुम्हाला नको. दिवाडी बेटावरच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मी अख्खी सकाळ घालवली आणि घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोच्या मधोमध फिकट गोल ठिपका. साध्या फोटोंना ती लेन्स उत्तम होती, पण काही लेन्सच्या आतले लेप इन्फ्रारेडमध्ये परावर्तन करतात. छिद्र लहान केलं की ठिपका अधिक ठळक होतो, म्हणून एफ/१६ वर जाऊ नका. आपली लेन्स अशी आहे का ते अंगणातच एफ/५.६, ८ आणि ११ वर तपासून घ्या.

काच बदलून घेतली की हातात धरून फोटो निघतात, माणसंही टिपता येतात, हे खरं. पण तो कॅमेरा मग साध्या फोटोंसाठी राहत नाही आणि घरी स्वतः उघडलात तर फ्लॅशच्या कपॅसिटरचा जबर धक्का बसू शकतो. एक हिवाळा ट्रायपॉडवर काढा. तेवढ्यानंतरही दर रविवारी जावंसं वाटलं, तर दुसरा जुना कॅमेरा घेऊन जाणकाराकडून तो बदलून घ्या, हा तसाच ठेवा.