वाचकांचे प्रश्न: वस्तू हातात, पण सगळे बघतात पडद्याकडे

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एक इंटरॅक्टिव्ह गोष्ट बनवतोय. टेबलावर होडी, किल्ली, कंदील आणि एक पत्र अशा खऱ्या वस्तू, त्यांच्या तळाला रीडरला ओळखता येतील असे छोटे टॅग चिकटवलेत, वस्तू मधल्या गोलात ठेवली की समोर पडद्यावर पुढचा सीन लागतो. दर सीनला दोन पर्याय. मित्रांना दाखवलं तर वस्तू ठेवतात, पडदा बघतात, मस्त आहे म्हणतात आणि निघून जातात. प्रोग्रॅमिंगवाला म्हणतो थ्रीडी करू म्हणजे मजा येईल, लेखिका वैतागलीये कारण सीन लिहून संपतच नाहीयेत. काय करू?

उत्तर: थ्रीडी अजिबात नको, आधीच लोक पडद्याकडे बघतायत आणि तुम्ही पडदाच अजून भारी करणार म्हणजे टेबलाकडे कोण बघणार! एक करून बघा, चारही वस्तू बाजूला ठेवा आणि कीबोर्डवर चार बटणं द्या. गोष्ट तशीच्या तशी चालली ना? मग वस्तू सध्या नुसती सजावट आहे, महागडं बटण म्हणा हवं तर.

1992 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकत असताना डरेल बिशप यांनी गोट्यांच्या आन्सरिंग मशीनची (फोन उचलला नाही तर मेसेज रेकॉर्ड करून ठेवणारं यंत्र) कल्पना मांडली होती, ती जरूर शोधून बघा. मेसेज आला की मशीनमधून एक गोटी बाहेर येते, ती खाचेत ठेवली की मेसेज ऐकू येतो, आणि मेसेज दुसऱ्यासाठी असेल तर गोटी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची, बस. तिथे गोटी हाच मेसेज आहे. किती गोट्या पडल्यात ते बघूनच किती मेसेज आलेत ते कळतं, स्क्रीन लागतच नाही. तोही एका विद्यार्थ्याचाच प्रोजेक्ट बरं का.

आता तुमचं पत्र घ्या. त्यातला मजकूर पडद्यावर दाखवूच नका, तो फक्त कागदावर असू दे आणि पाकीट बंद. फोडायचं की नाही हे प्रेक्षकाने ठरवायचं, कारण एकदा फाटलं की फाटलं, तिथे कॉम्प्युटरसारखं ‘अनडू’ करून मागे जाता येत नाही. किल्ली कोणाला तरी द्यायचा प्रसंग असेल तर ती खरंच एका फटीतून पेटीत पडू दे आणि परत मिळू नये, हात रिकामा झाला की माणूस जरा थांबतो. दोघं खेळत असतील तर कंदील एकच ठेवा, मग बघा कशी बोलाबोली होते, ती तुमच्या ॲनिमेशनपेक्षा जास्त रंगेल.

लेखिकेचं म्हणणं मात्र बरोबर आहे. पाच वेळा दोन-दोन पर्याय आणि वाटा कुठेच जुळत नसतील तर शेवटच 32 होतात, आणि सगळे सीन धरले तर 63, आणि एक माणूस एका वेळी त्यातले सहाच बघणार! वाटा फुटू द्या पण दोन सीननंतर परत एकत्र आणा, फक्त आधी काय झालं ते लक्षात ठेवा, म्हणजे पत्र फोडलं असेल तर पुढे तोच माणूस वेगळ्या सुरात बोलेल. एक-दोन वाक्यांचा फरक पुरतो.

आणि हे सगळं कोड न लिहिता तपासता येतं. टीममधला एक जण पडद्याआड लॅपटॉप घेऊन बसवा, वस्तू ठेवली की त्याने हाताने सीन बदलायचा. खेळणाऱ्याला काहीही समजावून सांगायचं नाही, तो कुठे अडतो ते गुपचूप लिहून घ्या. समजावून सांगितलंत की टेस्टिंग संपलं.

प्रश्न: आमच्या टीमचं असंच मॉडेल आहे. टॅग ओळखायला आरसी522 नावाचा रीडर लावलाय, कधी टॅग वाचतो कधी नाही, आणि कधी वस्तू हलवलेली नसताना सीन मागे जातो.

उत्तर: रीडरजवळ धातू आहे का बघा, टेबलाची पट्टी, स्क्रू, वस्तूच्या तळाचा पत्रा काहीही. 13.56 मेगाहर्ट्झवर चालणारे हे रीडर धातूजवळ गडबडतात आणि तसेही जेमतेम काही सेंटिमीटरच वाचतात, म्हणून वरची फळी पातळ घ्या. मॉड्यूल 3.3 व्होल्टचं आहे, 5 व्होल्ट देऊ नका. सीन मागे जातो कारण एखादं रीडिंग हुकलं की तुमचा कोड वस्तू उचलली असं समजतो. सलग चार-पाच रीडिंग हुकली तरच उचलली असं धरा. मोटर असेल तर तिला वेगळी पॉवर द्या, ग्राउंड (मायनसची वायर) मात्र दोन्हींचं जोडलेलं, एकच.

प्रश्न: प्रदर्शनात कोणी अर्ध्यातच उठून गेलं तर?

उत्तर: जाणारच. मिनिटभर कोणी काही हलवलं नाही की गोष्ट आपोआप पहिल्या सीनवर आणा. पण वस्तू आपोआप जागेवर येत नाहीत! पेटीतली किल्ली काढणं, नवीन पाकीट ठेवणं ही ड्युटी आत्ताच वाटून घ्या आणि पाकिटं भरपूर छापा.